स्वतःचेच खिसे

रात्री पावणेबारा वाजता एका सुमार सिनेमातला जेमतेम दोन सेकंदांचा तुकडा मी चौथ्यांदा मागे नेऊन पाहिला आणि मग माझं मलाच हसू आलं. सिनेमा जुना, अमेरिकी, काळा-पांढरा, तासाभरात संपणारा. एका जुगाऱ्यावर खुनाचं बालंट येतं, एवढीच गोष्ट. नाव सांगत नाही. वाईट सिनेमाला नावानिशी झोडपण्यात आता काही मजा उरलेली नाही, आणि त्यात काम केलेल्यांपैकी बहुधा कुणी हयातही नसेल. तो तुकडा मात्र सांगतो. हॉटेलातल्या एका कळकट खोलीचं दार वाजतं. दोन पोलीस आत येतात, डोक्यावरच्या हॅट न काढता. त्यातला थोराड विचारतो, "क्लबच्या मालकाचं पाकीट कुठे आहे?" जुगारी म्हणतो, "मला काय माहीत?" आणि हे म्हणता म्हणता त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात जातो, चाचपतो, रिकामा बाहेर येतो. तोवर कॅमेरा पोलिसाच्या चेहऱ्याकडे निघून गेलेला असतो.

त्यानं पाकीट घेतलेलं नाही. हे आपल्याला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. मग खिसा कशाला तपासतो?

गरीब सिनेमांबद्दल मला जुनी माया आहे, म्हणूनच मी यात सापडलो. तीस-चाळीसच्या दशकांत हॉलिवूडमधल्या छोट्या, कायम ओढगस्तीत असलेल्या स्टुडिओंना मिळून 'पॉव्हर्टी रो' म्हणायचे. आपण दरिद्री आळी म्हणू. मोनोग्राम, पीआरसी ही त्यातली नावं. आठवड्या-दीड आठवड्यात सिनेमा उरकायचा, तासा-सव्वातासात बसवायचा आणि मोठ्या सिनेमाच्या जोडीला दुसरा म्हणून द्यायचा. मोठा सिनेमा तिकीटबारीतला वाटा घेई. हा जोडीचा सिनेमा बहुतेक वेळा ठरावीक भाड्यावर जाई. चांगला केला तरी भाडं तेवढंच, वाईट केला तरी तेवढंच. नफा कमवायचा तर खर्चातच वाचवायचा. हे वाचलं तेव्हापासून मला एका गोष्टीची गंमत वाटत आली आहे. जुगाऱ्यांवर इतके सिनेमे काढणाऱ्या या मंडळींनी स्वतः मात्र कधी काही डावावर लावलं नाही. त्यांना हरणं परवडत नव्हतं, आणि जिंकण्याची सोयच नव्हती.

तरीही त्या आळीतून कधीकधी विलक्षण काही बाहेर पडायचं. एडगर उल्मरचा १९४५ सालचा 'डीटूर' पीआरसीचाच. त्यात न्यूयॉर्कचा रस्ता दाखवायला रस्ताच नव्हता, म्हणून धुकं सोडलं आणि एक दिवा, एक पाटी एवढ्यावर शहर उभं केलं. नायक एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जाताना दिसावा म्हणून काही दृश्यांची निगेटिव्ह चक्क उलटी छापली. त्यामुळे अमेरिकेतल्या त्या रस्त्यावर गाड्या डावीकडून धावतात आणि ड्रायव्हर उजव्या बाजूला बसलेला दिसतो. कळल्यावर हसू येतं. पण पाहताना येत नाही, कारण त्या माणसाचं सगळं आयुष्यच उलटं छापलं गेलंय असं आपल्याला आधीच वाटायला लागलेलं असतं. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याला जागा मिळाली. तेव्हा पैसा नव्हता म्हणून सिनेमा पडला, हे कारण मी सहसा मान्य करत नाही.

माझ्या त्या रात्रीच्या सिनेमातही धुकं होतं. पण ते नुसतं धुकं होतं. भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांच्या तिरप्या सावल्या होत्या, फक्त ज्या बाजूनं त्या यायला हव्यात तिथे खिडकी नव्हती. मघाशीच आपण ती भिंत पाहिलेली असते, तिथे कॅलेंडर असतं. नायकाला पत्ते पिसताही येत नव्हते. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. कॅटचे दोन भाग करून पानं फर्रकन एकमेकांत सोडायची, ही पद्धत धरली तर बावन्न पानं नीट मिसळायला सुमारे ७ वेळा पिसावं लागतं, असं बायर आणि डायाकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली मांडलं. खेळणाऱ्यांना हा आकडा ठाऊक नसेल, पण बोटांना अंदाज असतो. हा गृहस्थ दोनदा कसंबसं पिसतो, तेही गाणाऱ्या मुलीकडे बघत, आणि पानं वाटायला घेतो. टेबलावरचा कुणीही त्याचं मनगट धरत नाही. त्या क्षणी मला कळलं, की लिहिणारा, काढणारा आणि काम करणारा, तिघांपैकी कुणीही कधी हरण्यासाठी रात्रभर जागलेला नाही.

पुढे खून होतो. मेलेल्याच्या मुठीत इस्पिकचा एक्का सापडतो आणि त्यावरून पोलीस थेट आपल्या नायकाच्या दारात. आता, खून करून स्वतःचं पान मागे ठेवून जाणारा जुगारी किती बिनडोक असायला हवा, हे सोडून द्या. पण एक्काच वापरायचा, तर त्या पानामागे केवढं काय आहे! इंग्लंडात पत्त्यांवर कर असायचा आणि तो भरल्याची खूण म्हणून इस्पिकचा एक्का सरकारच्या ताब्यात असायचा. खाजगीत तो छापणं म्हणजे नाणी पाडण्यासारखाच गुन्हा. १८०५ साली रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला असे बनावट एक्के केल्याबद्दल फासावर चढवलं. त्या पानाभोवतीची नक्षी अजून इतर पानांपेक्षा मोठी असते ती त्या कराची आठवण. ज्या पानापायी खरोखर एक माणूस लटकला, ते इथे मुडद्याच्या हातात फुलांच्या गुच्छासारखं खोचून ठेवलंय. शोभेला.

आणि मग चौकशीचा प्रसंग येतो. इथे मी खरोखर सावरून बसलो होतो. पोलीस विचारतो, "रात्री दोन वाजता कुठे होतास?" तो तेव्हा दुसऱ्याच एका चोरट्या अड्ड्यावर खेळत होता. हरत होता. टेबलाभोवती पाच माणसं होती, पाचही जणांनी त्याला पाहिलं होतं आणि पाचांपैकी एकही जण कोर्टात येऊन सांगणार नव्हता, कारण सांगायचं म्हणजे आपणही तिथे होतो हे कबूल करायचं. खुनातून सुटायचं तर जुगारात अडकायचं, तेही स्वतः एकट्यानं नाही, पाच जणांना घेऊन. केवढा प्रसंग आहे हा! यातून अख्खा सिनेमा निघाला असता. त्या पाच जणांच्या दारी तो एकेक करून जातोय, कुणी आतूनच "घरात नाही" सांगतंय, कुणी बायकोसमोर ओळख दाखवत नाही, कुणी म्हणतंय की येतो, पण तुझ्याकडचं माझं येणं आधी चुकतं कर. सिनेमानं हे सगळं एका वाक्यात गुंडाळलं. "मी सांगू शकत नाही," असं नायक म्हणतो आणि दोन मिनिटांनी कळतं की तो गाणाऱ्या मुलीची अब्रू वाचवतोय. हातात हुकूम आलेला असताना दुर्री टाकावी तसं झालं.

तिथून पुढे तो पत्त्यांना हातही लावत नाही. शिवाय मध्येच आपल्याला सांगितलं जातं की तो खेळायचा तेही धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी. झालं. कारण मला कळतं. १९३४पासून हॉलिवूडच्या सिनेमांना आचारसंहितेच्या कार्यालयाचा शिक्का घ्यावा लागायचा. पापाला शिक्षा झालेली दिसली पाहिजे, हा तिचा आग्रह. शेवटी ज्याला मुलगी मिळायची आहे तो आधी धुऊन काढणं भागच. पण धुता धुता जुगारी गेला आणि कोट तेवढा उरला.

जुगारी कसा असतो, ते शूद्रकाला फार चांगलं माहीत होतं. मृच्छकटिकातला संवाहक दहा सुवर्णनाणी हरून पळतो. मागे अड्डेवाला आणि एक जुगारी लागलेले. तो एका ओसाड देवळात उलटं चालत शिरतो, म्हणजे पावलांचे ठसे बाहेर गेल्यासारखे दिसावेत, आणि रिकाम्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. ते दोघे येतात. मूर्ती लाकडाची की दगडाची यावर बोलतात, हलवून पाहतात. हा हलत नाही. मग ते तिथेच, त्याच्यासमोर, खेळायला बसतात. फाशांचा आवाज सुरू होतो. जिवाच्या भीतीनं दगड झालेला माणूस त्या आवाजानं आतून सुटत जातो आणि डाव माझा की तुझा म्हणून ते दोघे भांडायला लागल्यावर हाच मध्ये उडी मारतो: डाव माझा! हसू येतं आणि पोटात खड्डाही पडतो. त्याच नाटकात पुढे चारुदत्तावर खुनाचा खोटा आळ येतो, कोर्टात नेमक्या वेळी विदूषकाच्या काखेतून दागिने खाली पडतात. जुगारी आणि आळ, दोन्ही एकाच नाटकात. पण आळ येतो तो जुगाऱ्यावर नाही, सगळं गाव ज्याला सज्जन म्हणतं त्याच्यावर. शूद्रक चतुर होता. जुगाऱ्यावर आळ आला असता, तर प्रेक्षकांनी तो लगेच खरा मानला असता.

त्याहून जुनं म्हणजे ऋग्वेदातलं ते जुगाऱ्याचं सूक्त, दहाव्या मंडलातलं चौतिसावं. त्यात फाशांबद्दल म्हटलंय की त्यांना हात नाहीत, तरी ते हातवाल्याला नमवतात. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला देव वगैरे कुणी आठवला नाही. मला मामाचे हात आठवले.

मामा खेळायचा. आमच्या घरात हे क्रियापद जरा दबक्या आवाजात उच्चारलं जायचं आणि त्याला कर्म लागत नसे. "तो अजून खेळतो का?" एवढं पुरे. आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, अंगानं काटकुळा, पण हात मात्र मोठे, लांब बोटांचे आणि कायम गार. कॅट हातात घेतला की तो न बघता अंगठ्यानं कडा चाळायचा आणि म्हणायचा, "यात एक पान कमी आहे." मोजलं की एक कमी निघायचं. आम्हा मुलांसाठी तो जादूगार होता. तळहाताच्या मागे पान कसं दडवायचं ते त्यानं मला शिकवलं. माझी बोटं आखूड, राणीचा मुकुट बाहेर दिसायचा. जुन्या पत्त्यांना घामाचा, कागद मऊ पडल्याचा एक वास येतो, तो मला अजून त्याचाच वास वाटतो.

एकदा आईची अंगठी सापडेना. दोन दिवस घर पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी मामा आला आणि सगळे बोलायचे थांबले. कुणीही काही म्हणालं नाही, हे मला नीट आठवतं. आजीनं अगदी सहज, सगळ्यांना विचारावं तसं विचारलं, "अंगठी दिसली का रे कुठे?"

"नाही गं," मामा म्हणाला. आणि त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. मग पँटच्या एका खिशात, मग दुसऱ्या. शेवटी त्यानं दोन्ही अस्तरं बाहेर ओढली. ती पांढरी अस्तरं दोन्ही बाजूंना कानांसारखी लोंबत होती आणि मी मोठ्यानं हसलो, कारण मला वाटलं आता तो त्यातून काहीतरी काढून दाखवणार. दुसरं कुणीच हसलं नाही. मामानं अस्तरं आत ढकलली.

तो निरागस होता असं मला भासवायचं नाही. तसं केलं तर माझ्यात आणि त्या सिनेमात फरक काय? त्याआधी दोन-एक वर्षांपूर्वी त्यानं खरोखर आईच्या कपाटातले पैसे उचलले होते आणि कबूलही केले होते. म्हणजे घरच्यांचा संशय काही आभाळातून पडलेला नव्हता. पण त्या संशयाचं गणित मला आज विचित्र वाटतं. मामाला सगळे एकच गोष्ट समजावायचे, की बाबा रे, आधीच्या डावांवरून पुढचा डाव ठरत नाही. मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी रुलेटचा चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला, आणि आता तरी लाल येणारच म्हणून लोक लालवर पैसे लावत कंगाल झाले, ही कथा जुगाराविरुद्ध बोलणारा प्रत्येक जण सांगतो. चेंडूला मागचं आठवत नाही. मामाच्या बाबतीत मात्र सगळ्यांना मागचं आठवत होतं आणि त्यावरून पुढचं ठरत होतं. आता यावर कुणी म्हणेल, माणूस म्हणजे चेंडू नव्हे, माणसाला सवयी असतात. खरं आहे. मला याचं उत्तर सापडलेलं नाही.

अंगठी चार महिन्यांनी सापडली, कपाट हलवताना, सगळ्यात खालच्या खणाच्या मागे. आईनं ती पुसली आणि बोटात घातली. मामाला कुणी निरोप धाडला नाही. धाडायचा तर काय म्हणून धाडायचा, त्याला कुणी चोर म्हटलंच कुठे होतं? पुढच्या वेळी तो आला तेव्हा आईच्या हाताकडे पाहून म्हणाला, "सापडली वाटतं." आई म्हणाली, "हो, खणामागे होती." तो म्हणाला, "बरं झालं." त्याचा चेहरा सुटल्यासारखा झाला होता, आणि तो चेहरा मला पुष्कळ वर्षं कळला नाही. आळ टळल्याचा आनंद असेल, असं मी धरून चाललो होतो. आता वाटतं, आपण घेतली नव्हती हे त्यालाही तेव्हाच नक्की कळलं असावं.

हिचकॉकच्या १९५६ सालच्या 'द राँग मॅन'मध्ये असलं काहीतरी आहे, आणि तो सिनेमा तर घडलेल्या प्रकरणावर बेतलेला. बॅलेस्ट्रेरो नावाच्या एका वादकाला दरोडेखोर समजून पकडतात, दरोडेखोराच्या चिठ्ठीतला मजकूर त्याच्याकडून लिहून घेतात. तो नेमका 'ड्रॉवर' या शब्दाची शेवटची अक्षरं गाळून 'ड्रॉ' लिहितो. चोराच्या चिठ्ठीतही तीच चूक. निर्दोष माणसाचा हात त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. हिचकॉकला ते कळलं होतं आणि त्यानं त्या कागदावर कॅमेरा हवा तेवढा वेळ ठेवला.

खूप वर्षांनी मामा एकदा माझ्याकडे मुक्कामाला आला. तोवर त्याचं खेळणं सुटलं होतं, म्हणजे तो तसं म्हणायचा. केस पांढरे, बोटं थोडी वाकडी झालेली. आम्ही उशिरापर्यंत गप्पा मारल्या, त्यानं मला तोच जुना हात दाखवला, पान दडवायचा, आणि या वेळी त्याच्याही बोटांमागून राणीचा मुकुट दिसला. दोघंही हसलो. मग त्याचं अंथरूण घातलं, दिवा मालवला आणि माझ्या खोलीत जाता जाता टेबलावरचं माझं पाकीट उचलून मी कपाटात ठेवलं. विचार केला नाही. ठरवलं तर मुळीच नाही. कपाटाचं दार लागल्याचा बारीक आवाज झाला, तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. बाहेरच्या खोलीत तो जागा होता की झोपला होता, कोण जाणे. परत जाऊन पाकीट टेबलावर ठेवावं असं वाटलं, पण मग पुन्हा त्या दाराचा आवाज झाला असता.

तर त्या रात्री मी तो तुकडा पाचव्यांदाही पाहिला, या वेळी अगदी सावकाश, एकेक चित्र पुढे सरकवत. आणि मला जे दिसलं त्यानं जरा हिरमोडच झाला. दार वाजतं तेव्हा नटाच्या ओठांत न पेटवलेली सिगारेट असते. तो हात खिशात घालतो तो काड्यापेटीसाठी. पेटी तिथे नसते. बहुधा कोट बदलताना कुणी काढून ठेवली असेल. हात रिकामा बाहेर येतो, आणि नट अर्धा क्षण गोंधळून दिग्दर्शकाकडे असावं तसं बाजूला बघतो. मग पोलिसाचा चेहरा येतो. त्यानंतर नायक पुन्हा दिसतो तेव्हा सिगारेट पेटलेली असते, चांगली निम्मी संपलेलीही. दुसऱ्यांदा ते दृश्य घ्यायला वेळ नसेल, किंवा फिल्म नसेल. मोठ्या स्टुडिओत तो तुकडा कात्रीखाली गेला असता.

उरलेली वीस मिनिटं मी तशीही पाहिली. खुनी वकील निघाला, हे पोस्टर पाहूनही सांगता आलं असतं. नायक मुलीला घेऊन धुक्यातून चालत गेला आणि जाता जाता त्यानं कॅट नदीत फेकला. पानं पाण्यावर पडलेली दाखवायची होती, पण नदी स्टुडिओतली असावी, कारण पानं पडल्याचा आवाज कोरडा आला.

बंद केलं. दिवे मालवले. आत जाता जाता टेबलावरचं पाकीट उचललं आणि कपाटात ठेवलं. घरात त्या रात्री माझ्याशिवाय कुणी नव्हतं.